घरातल्या हवेचा एक्यूआय कुणी का सांगत नाही? चूल, खिडकी आणि टीबीचा संबंध समजून घ्या

हिवाळा सुरू झाला की आपल्या फोनवर एक आकडा फिरायला लागतो. आज मुंबईचा एक्यूआय इतका, पुण्याचा तितका. कुणी स्क्रीनशॉट स्टोरीला टाकतं, कुणी मास्कचा फोटो. आणि मग आपण घरात येतो, दार लावतो आणि सुटलो म्हणतो.

पण तो आकडा घराबाहेर बसवलेल्या यंत्राचा असतो. आपल्या स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये, ऑफिसच्या एसी केबिनमध्ये, मुलांच्या वर्गात हवा कशी आहे, हे तो सांगत नाही. दिवसातला बहुतेक वेळ मात्र आपण याच चार भिंतींच्या आत काढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरात धूर करणाऱ्या इंधनांमुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा जीव घेतला. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती. आणि हा फक्त धुराचा हिशेब आहे. कोंदट खोलीत पसरणारे आजार यात धरलेले नाहीत.

मग घरातली हवा नेमकी बिघडते कशाने? ती सुधारता येते का? आणि यात आपल्या हातात किती आणि सरकारच्या हातात किती? एकेक करून बघू.

आधी साधा हिशेब

घरातली हवा दोन गोष्टींवर ठरते. एक, आत काय तयार होतंय. दोन, ते बाहेर किती वेगाने जातंय.

आत तयार होणाऱ्या गोष्टी म्हणजे चुलीचा किंवा गॅसचा धूर, फोडणीची वाफ, अगरबत्ती, मच्छर कॉइल, सिगारेट, ओल आणि बुरशी, नव्या फर्निचरच्या रंगाचा आणि गोंदाचा वास. आणि हो, आपला श्वाससुद्धा.

यातला सगळ्यात जास्त चर्चेतला घटक म्हणजे पीएम २.५. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. हे इतके सूक्ष्म असतात की नाक-घशात न अडकता थेट फुफ्फुसात खोलवर जातात. तिथून त्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. त्यामुळे धुराचा आजार म्हणजे फक्त खोकला किंवा दमा नाही. हृदयविकार आणि स्ट्रोकचा धोकाही त्यातून वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यासाठी नवी मर्यादा सांगितली. वर्षाची सरासरी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. भारताच्या २००९ च्या मानकांमध्ये ही मर्यादा ४० आहे. शिवाय ही भारतीय मानकं बाहेरच्या हवेसाठी आहेत. घरातल्या हवेसाठी नाहीत.

चूल गेली, पण पूर्ण नाही

गावाकडच्या स्वयंपाकघरात चूल पेटते तेव्हा तिच्यासमोर बसलेल्या बाईच्या तोंडावर धूर येतो. तिच्या कडेवर किंवा शेजारी बहुतेक वेळा लहान मूल असतं. लाकूडफाटा, गोवऱ्या, पिकांचे खुंट नीट जळत नाहीत आणि जे जळत नाही ते धूर होऊन हवेत येतं. पावसाळ्यात ओलं सरपण असेल तर विचारूच नका.

सीओपीडी हा फुफ्फुसाचा दीर्घ आजार सिगारेट ओढणाऱ्यांचाच, असा समज बरीच वर्षं होता. २००९ मध्ये पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनमधले पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून दाखवलं की आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागचं एक मोठं कारण चुलीचा धूर आहे.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना सुरू झाली. त्यातून आजवर १० कोटींहून जास्त गॅस कनेक्शन दिली गेली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५८.६ टक्के कुटुंबंच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ८० टक्के होतं.

बाकीचे का राहिले? कनेक्शन मिळणं आणि दर महिन्याला सिलेंडर भरून आणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सरपण गोळा करायला पैसे लागत नाहीत, सिलेंडरला लागतात. म्हणून अनेक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर असा मधला मार्ग निघतो. कागदावर ते घर गॅसवर आलेलं असतं, पण त्या बाईच्या फुफ्फुसात धूर जातच असतो.

आमच्याकडे चूल नाही, मग आम्ही सेफ?

तितकंही नाही. शहरातल्या घरात धूर वेगळ्या दाराने येतो.

मच्छर कॉइल: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की एक कॉइल पूर्ण जळल्यावर जितके पीएम २.५ कण बाहेर पडतात, तितके ७५ ते १३७ सिगारेटींमधून पडतात. याचा अर्थ एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी ओढणं असा नाही, कारण सिगारेटचा धूर आपण थेट आत ओढतो. पण खिडक्या बंद करून, रात्रभर, मुलांच्या उशाशी कॉइल लावायची का, हे ठरवायला हा आकडा पुरेसा आहे. डेंग्यू-मलेरियाचा धोका खरा आहे, त्यामुळे डास चावू देणं हा पर्याय नाही. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा आहे. जाळीमुळे खिडकी उघडीही ठेवता येते.

अगरबत्ती आणि धूप: देवापुढे दोन मिनिटं उदबत्ती ओवाळणं वेगळं आणि बंद खोलीत दिवसभर एकामागून एक लावणं वेगळं. जे जळतं ते कण सोडतं, वास कितीही छान असला तरी.

गॅस आणि फोडणी: गॅस चुलीपेक्षा खूपच स्वच्छ आहे, यात वाद नाही. पण त्यातूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तळताना, मिरचीची फोडणी देताना तेलाचे बारीक कण हवेत जातात. घरातली हवा तपासायला मशीन नसेल तर ठसका हीच टेस्ट आहे. स्वयंपाकघरातल्या फोडणीचा ठसका बेडरूममध्ये झोपलेल्या माणसाला लागत असेल, तर हवा बाहेर न जाता घरातच फिरते आहे.

गॅस गिझर आणि शेगडी: यात थेट जीवाचा धोका आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी चालू असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं आणि काही कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. शेगडी घेऊन बंद खोलीत कधीच झोपू नका.

हवेतून पसरणारे आजार

आता दुसरी बाजू. आत धूर काहीच नाही, पण हवा बाहेरही जात नाही. अशा खोलीत काय होतं?

टीबीचा रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा जंतू अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत येतात आणि तासन् तास तरंगत राहू शकतात. हे सिद्ध करणारा प्रयोग १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाला. रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबी वॉर्डातली हवा नळ्यांमधून वर नेली आणि तिथे पिंजऱ्यांत ठेवलेल्या गिनी पिग्सना ती दिली. रुग्णाशी काहीही संपर्क नसताना, फक्त ती हवा घेऊन त्या प्राण्यांना टीबी झाला. ज्यांना अतिनील किरणांनी शुद्ध केलेली हवा दिली, ते वाचले.

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. त्यामुळे भारतात खोलीतली हवा किती बदलते हा थेट सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो. मुंबईच्या गोवंडी-मानखुर्दमध्ये तो भिंतींवर लिहिल्यासारखा दिसतो.

तीन वसाहती, एक प्रश्न

मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांची कामं झाली, तेव्हा आड येणाऱ्या झोपड्यांमधल्या हजारो कुटुंबांना एम-पूर्व वॉर्डातल्या वसाहतींमध्ये हलवलं गेलं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजी कॉलनी ही त्यातली नावं. झोपडी गेली, पक्कं घर आलं. घर साधारण २२५ चौरस फुटांचं.

पण या वसाहतींमध्ये टीबीचे खूप रुग्ण सापडू लागले. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मिळून याचा अभ्यास केला. त्यात लल्लूभाई आणि नटवर पारेख या दोन वसाहतींमध्ये टीबीचं प्रमाण जास्त दिसलं, तर पीएमजी कॉलनीत तुलनेने बरंच कमी.

फरक काय होता? इमारतींची मांडणी. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की काही जागी मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, दिवसाही लाइट लावावी लागते. मधल्या गल्लीत कचरा पडतो, वास येतो, म्हणून लोक असलेली खिडकीही बंद ठेवतात. पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये जागा जास्त आहे.

एका अभ्यासावरून 'इमारतीमुळेच टीबी झाला' असं म्हणता येत नाही. गरिबी, कुपोषण, एका खोलीत पाच-सहा माणसं राहणं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण अशी माणसं मुंबईत सगळीकडे आहेत. त्यांना अंधाऱ्या, बंद खोलीत ठेवलं की धोका वाढतो, हे हवेचं साधं गणित आहे.

मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, कोंदट हवेमुळे नाही, हे नंतर पक्कं झालं. पण दाट चाळींमधली अंधारी खोली माणसाला आजारी पाडते, हे अधिकाऱ्यांना दिसत होतं, कारण क्षयरोग तिथेच जास्त होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते आखताना समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा हाही विचार होता.

या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका नियमाचा आग्रह धरला. त्याला '६३.५ अंशांचा नियम' म्हणतात. खिडकीतून तिरकं वर बघितलं तर साधारण ६३.५ अंशांच्या कोनात आकाश दिसलं पाहिजे. भूमितीची भीती वाटत असेल तर सोपं करून सांगायचं तर, समोरच्या इमारतीची जितकी उंची, त्याच्या निम्मं अंतर मध्ये मोकळं हवं.

आता हा नियम आजच्या सात मजली इमारतीला लावून बघा. प्रत्येक मजला तीन मीटर धरला तर उंची २१ मीटर. म्हणजे मध्ये साडेदहा मीटर जागा हवी. गोवंडीत आहे तीन मीटर.

असं का झालं? पुनर्वसनाच्या योजनांमध्ये कमी जागेत जास्त घरं बसवायची असतात, तरच बिल्डरला विकायला जागा उरते. त्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या जातात. पुढे घराचा आकार २६९ आणि मग ३०० चौरस फुटांपर्यंत वाढवला गेला, तो कागदावर दिसतो. दोन इमारतींमधल्या अंतराची मात्र चर्चा होत नाही.

जुनं हॉस्पिटल जिंकलं

पेरूची राजधानी लिमामधल्या आठ हॉस्पिटलांमध्ये २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास झाला. दारं-खिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, हे त्यात मोजलं. उत्तर आलं, साधारण २८ वेळा. यंत्राने हवा बदलणाऱ्या आधुनिक खोल्यांसाठी शिफारस होती तासाला १२ वेळा.

यातही १९५० पूर्वी बांधलेली हॉस्पिटलं सगळ्यात पुढे होती. उंच छत, मोठ्या खिडक्या, समोरासमोर दारं. आपल्याकडच्या जुन्या सरकारी हॉस्पिटलांचे आणि शाळांचे उंच वर्ग आठवा. फॅन सावकाश फिरत असतो, पण वर झरोका असतो आणि दोन्ही बाजूंनी वारा येतो.

कोविडने हेच पुन्हा शिकवलं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीमध्ये एका गायकवृंदाचे ६१ जण तालमीसाठी जमले. त्यातल्या ५३ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असं आढळलं आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, तासन् तास गाणं आणि तीच तीच हवा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घरं आणि ऑफिसांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा असावी असं सुचवलं.

एसी लावला की हवा ताजी होते का?

नाही. घरातला स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत आत सोडतो. बाहेरच्या युनिटमधून फक्त उष्णता बाहेर जाते, हवा नाही.

हे समजून घ्यायला कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम असतं. आपण श्वास सोडतो त्यात ते सुमारे ४० हजार पीपीएम असतं. बंद खोलीत माणसं बसली की आकडा चढत जातो. दोघं जण दार-खिडकी बंद करून झोपले तर सकाळपर्यंत तो दीड-दोन हजारांच्या पुढे जाऊ शकतो. हा वायू इतक्या प्रमाणात विषारी नाही, पण दुसऱ्याच्या फुफ्फुसातून आलेली हवा तुम्ही किती घेताय, याचा तो पुरावा आहे. सकाळी डोकं जड वाटणं, दुपारी मीटिंगमध्ये पेंगणं यामागे कोंदलेली हवाही असू शकते.

मग प्युरिफायर? झाडं?

हेपा फिल्टर असलेला चांगला प्युरिफायर हवेतले बारीक कण पकडतो, हे खरं आहे. पण तो कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड काढत नाही आणि ऑक्सिजन आणत नाही. खोलीच्या आकाराला पुरेल असा घेतला नाही किंवा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तो नुसता आवाज करणारा डबा आहे. 'ओझोन सोडून हवा शुद्ध करतो' असं सांगणारी मशीन घेऊ नका, कारण ओझोन स्वतःच फुफ्फुसाला त्रास देतो.

झाडांची गोष्ट नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासापासून सुरू झाली आणि अजून रील्समध्ये फिरते आहे. तो प्रयोग छोट्या बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे अनेक प्रयोग तपासून हिशेब मांडला. खिडकीतून जितकी हवा बदलते तितका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १००० झाडं लागतील. झाडं लावा, छान दिसतात. पण स्नेक प्लांट म्हणजे खिडकी नाही.

घरी काय करता येईल?

- दोन बाजू उघडा. एकच खिडकी उघडून फारसा फायदा होत नाही. समोरासमोरची खिडकी-दार उघडलं की वारा आरपार जातो.
- स्वयंपाक सुरू करण्याआधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि झाल्यावर थोडा वेळ चालू ठेवा. पण बाकी सगळं बंद असेल तर फॅनला बाहेर टाकायला हवा मिळणार कुठून? एखादी खिडकी किलकिली ठेवा.
- चूल असेल तर ती पडवीत किंवा उघड्यावर घ्या. ते जमत नसेल तर वर धुराडं हवं. सरपण वाळलेलं वापरा.
- पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली तर नुसता रंग मारू नका. पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधा.
- टॉयलेटचं अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- घरात सिगारेट नको. 'गॅलरीत ओढतो' म्हणणाऱ्याचा धूर वाऱ्याने आतच येतो.
- घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती आणि उपचार मोफत आहेत. खोली हवेशीर ठेवणं हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही.

पण बाहेरची हवाच खराब असेल तर?

हा प्रश्न बरोबर आहे. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि प्रदूषण तिच्यात अडकतं. ऊन चढलं की ती वर उचलली जाते. म्हणून अशा दिवसांत पहाटेऐवजी दुपारी खिडक्या उघडा. शेजारी बांधकाम चालू असेल किंवा कचरा जळत असेल तर त्या बाजूची खिडकी तेवढा वेळ बंद ठेवून दुसरी बाजू उघडा. प्युरिफायर असेल तर तो खरा याच वेळी कामाचा. पण स्वयंपाक करताना किंवा गॅस गिझर चालू असताना हवा बाहेर जायला वाट हवीच, बाहेरचा एक्यूआय कितीही असो.

सरकार घराच्या आत काय करणार?

'माझ्या घरात मी काय करतो ते मी बघीन' असं म्हणता येतं. पण शाळा, बस, सरकारी ऑफिस, मॉल, हॉस्पिटल इथली हवा आपण ठरवत नाही. आणि भारताने आतल्या हवेबद्दल एक कडक नियम याआधी करून दाखवला आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी लागू झाली. त्याआधी ऑफिसमध्ये, हॉटेलात टेबलावर अॅशट्रे असायचा. आज तो दिसला तर विचित्र वाटतं.

बेल्जियमने २०२२ मध्ये सार्वजनिक बंद जागांमधल्या हवेसाठी कायदा केला. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञ लिडिया मोराव्हस्का आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की सार्वजनिक इमारतींमधल्या हवेला सक्तीची मानकं हवीत. त्यांनी कार्बन डायऑक्साइडसाठी ८०० पीपीएम ही मर्यादा सुचवली. म्हणजे वर्गाच्या भिंतीवर घड्याळाशेजारी एक छोटं मीटर आणि आकडा वाढला की खिडकी उघडायची.

आपल्याकडे सुरुवात याहून सोप्या ठिकाणाहून होऊ शकते. गरीब घरांना परवडेल असा सिलेंडर. पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये अंतराच्या सवलतींना लगाम. शाळांच्या खिडक्यांना चालू कड्या आणि जाळ्या.

आणि तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जात असेल, तर मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंग याबद्दल सगळे विचारतील. तुम्ही आणखी एक प्रश्न विचारा. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडणार, आणि तिच्यासमोर किती मीटर मोकळं आहे? प्लॅन मंजूर झाल्यावर या प्रश्नाचं उत्तर बदलता येत नाही.